धवलरावांना जहाज फोडता येईना

एका जंगलात एक जहाज होतं. मुलांनो, जंगलात जहाज कसं, असं विचारू नका. जंगलाला खाडी होती.

जहाज अस्वलशेठचं. कप्तान धवलराव बगळे. बगळा ठेवल्यामुळे पांढऱ्या गणवेशाचा खर्च वाचला होता. त्यांचं घरटंही जहाजाच्याच डोलकाठीवर होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी जहाजाच्या बुडाला वाळू लागू दिली नव्हती.

पूर्वी जहाजाच्या सहलीला झुंबड असायची. मग प्राण्यांना कंटाळा आला. माकडीणबाई तर तोंडावर म्हणाल्या, “जिथून निघतो तिथंच परत आणता. मग नेता कशाला?”

शेवटी शेठनी जहाज तरसाला भंगारात विकलं.

जहाज मोडायची एक रीत असते. ऐन भरतीला ते जोरात हाकायचं आणि सरळ वाळूवर चढवायचं. हे काम अर्थात कप्तानाचं. जहाज गेलं की आपलं घरटंही गेलं, हे धवलरावांना कळत होतं. पण शेठचा हुकूम म्हणजे हुकूम.

सगळं जंगल किनाऱ्यावर जमलं. तरस करवत घेऊन बसला. जहाज सुसाट आलं. वाळू हातभर राहिली आणि धवलरावांच्या पायांनी आपोआप चाक फिरवलं. जहाज गर्रकन वळलं. किनारा नखशिखान्त भिजला.

“अहो, चढवायचं होतं,” शेठ म्हणाले.

“माफ करा. सवय आहे.”

दुसऱ्या भरतीला तेच. तिसऱ्या वेळी धवलरावांनी डोळे मिटून घेतले. तरीही पायांनी चाक फिरवलंच.

हरणाची पिल्लं ओरडली, “परत! परत!” माकडीणबाईंनी शेठना हळूच विचारलं, की आत बसायचं झालं तर तिकीट कुठं मिळतं.

शेठनी त्याच दिवशी पाटी लावली. ‘जहाजाची शेवटची फेरी. रोज.’

झुंबड उडाली. माकडीणबाई आता सगळ्यांना सांगत सुटल्या, “जिथून निघतो ना, तिथंच परत आणतात. कमाल आहे!”

तरस वैतागून करवत गुंडाळायला लागला, तेव्हा शेठनी त्याचे पैसे परत केले आणि त्याला पगारावर ठेवलं. काम एवढंच, की वाळूत बसून जहाजाकडे भुकेल्या नजरेनं बघायचं. तरस म्हणाला, हे आपल्याला जमेल.

धवलराव मात्र झुरू लागले. एक दिवस मान खाली घालून शेठकडे गेले.

“शेठ, मला काढून टाका. साधं एक जहाज फोडता येत नाही मला.”

शेठनी खिडकीबाहेरच्या रांगेकडे पाहिलं. मग धवलरावांच्या पंखावर पंजा ठेवला.

“धवलराव,” ते म्हणाले, “प्रयत्न सोडू नका.”

धवलराव खजील होऊन आपल्या घरट्यात जाऊन झोपले. उद्या पुन्हा भरती होती.

तात्पर्य: प्रयत्नांती परमेश्वर, असं म्हणतात. पण मुलांनो, प्रयत्न रोज थोडक्यात फसला, तर परमेश्वरसुद्धा तिकीट काढून बघायला येतो.