केशोजी अस्वलाचा बोलभोपळा

एका जंगलात रेंज नव्हती, पण बातमी सगळीकडे पोचायची. त्या जंगलात केशोजी नावाचं अस्वल राहायचं.

मुलांनो, केशोजीकडे एकच गुपित होतं. ओढ्यापलीकडच्या बेहड्याच्या ढोलीत मधाचं भलंमोठं पोळं होतं. ते ठाऊक होतं फक्त त्याला आणि त्याच्या बायकोला, बायजाला. त्या मधावर दोघांचा अख्खा पावसाळा निघायचा.

एका हिवाळ्यात उत्तरेकडून करकोचा आला. गळ्यात दोन वाळके भोपळे, आणि मान इतकी उंच की समोरच्याला उगाच बुटकं वाटावं.

"केशोजीराव," तो म्हणाला.

आजवर केशोजीला कुणी राव म्हटलं नव्हतं. निम्मा सौदा तिथेच झाला.

"तुम्ही घरात बोलता ते बाहेर ऐकू जातं, कल्पना आहे?"

"कोण ऐकतं?"

"तेच तर. कोण ऐकतं ते कळतच नाही. हा घ्या बोलभोपळा. यात बोललात की बाहेर नुसता गोंधळ ऐकू येणार. जोडीचा भोपळा ज्याच्या कानाला, त्यालाच साफ कळणार. वाघसाहेब हाच वापरतात."

बायजा आतून म्हणाली, "अहो, मला कानात सांगत जा की. फुकट होतं."

"भिंतीला कान असतात, वहिनी."

"असू देत. जीभ तर नाही ना?"

पण वाघाकडे आहे म्हटल्यावर विषय संपला होता. एका भोपळ्याला पाव पोळं. एकटा भोपळा काही कामाचा नाही, म्हणून जोडी. निम्मं पोळं गेलं.

दुसऱ्या दिवशी केशोजी सगळ्यांना दिसेल अशा खडकावर बसला. बायजा गुहेत भोपळा कानाला लावून. चाचणीला काय बोलावं? दुसरं गुपित तर नव्हतंच. म्हणून तो बोलला, "पोळं बेहड्याच्या ढोलीत आहे."

भोपळ्यातून बाहेर आलं, "चळंपो चहड्याच्याबे चलीतढो चहेआ."

मुलांनो, हसू नका. तुम्हाला कळलं हे मला कळलंय. पण केशोजी मोठा होता. मोठी माणसं च-ची भाषा विसरतात, म्हणून तर त्यांना ती विकत घ्यावी लागते.

वाटेनं जाणारं रानडुक्कर थबकलं. "काय बोलले हो राव?"

"गुप्त असणार," तरस म्हणालं. "मोठ्यांचं असतं तसं."

हेच तरस कालपर्यंत त्याला केश्या म्हणायचं. केशोजीची छाती फुगली. त्यानं तेच वाक्य आणखी तीनदा म्हटलं, दर वेळी जरा मोठ्यानं.

वर झाडावर माकडांची पोरं खेळत होती. दुपारपर्यंत ढोलीत मेणाचा एक तुकडा उरला, तोही चाटलेला.

बायजानं तो तुकडा उचलून पाहिला. मग म्हणाली, "आता पावसाळ्यात काय, भोपळ्याची भाजी करू?"

केशोजी तरातरा करकोच्याकडे गेला. "माझं गुपित फुटलं."

"म्हणजे तुमच्यावर पाळत आहे," करकोचा आदरानं म्हणाला. "साध्यासुध्या अस्वलावर कोण पाळत ठेवतं, राव?"

केशोजीचा राग जागच्या जागी निवला.

"तुमच्यासाठी नवा भोपळा आलाय. त्यात च नसतो. फ असतो."

"फ?" केशोजी भारावून गेला. "काय घ्याल?"

"पुढच्या मोसमाचं पोळं. कुठे लागणार तेवढं सांगा. नोंदीला लागतं."

केशोजीनं सांगितलं. उत्तरेचा कडा, डावीकडची कपार. अगदी शुद्ध मराठीत, भोपळ्याशिवाय. दोनदा सांगितलं, कारण करकोच्याला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नव्हतं.

परतताना वाटेत रानडुक्कर भेटलं. "तुमचं चोरीला गेलं म्हणे? नशीबवान आहात. आमचं कोण चोरणार?" असं म्हणून ते करकोच्याच्या रांगेत जाऊन उभं राहिलं. त्याच्या मागे तरस होतंच.

केशोजी घरी आला, तेव्हा बायजानं जुना भोपळा चिरून त्याची पाण्याची डोणी केली होती. त्या पावसाळ्यात दोघं ओढ्याचं पाणी पिऊन निजायची. पण जाता-येता सगळे केशोजीला वाकून राव म्हणायचे, आणि त्याचं पोट, निदान त्याच्यापुरतं, भरायचं.

तात्पर्य : महागाचा भोपळा घेतल्याशिवाय आपल्याकडे लपवण्यासारखं काही होतं, हे जगाला कळत नाही.

मुलांनो, हे मोठ्यांना सांगू नका. सांगायचंच झालं, तर चनातका सांगा.