बारा व्होल्टचा बस्त्याव

बस्त्याववर लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. त्याच्या गमती सगळ्यांना सांगायचो, पण गोष्ट गणपतीच्या त्या संध्याकाळपाशी आली की विषय बदलायचो. आता सत्तरी उलटली. सगळं सांगून टाकतो.

मस्कतला वादी कबीरमध्ये कंपनीने दिलेल्या फ्लॅटांत आम्ही शेजारी होतो. मी अकाउंट्समध्ये, तो शिपिंगमध्ये. मूळचा वसईचा. ऑफिसात कुणाचा कॉम्प्युटर मेला की लोक हळहळायचे. बस्त्याव मात्र वारसा मिळाल्यासारखा खुलायचा. "पॉवर सप्लाय जिवंत आहे ना?" एवढंच विचारायचा आणि कॉम्प्युटरला वीज पुरवणारा तो पत्र्याचा डबा रीतसर परवानगी काढून घरी न्यायचा.

"भाऊ, पिवळ्या वायरीत बारा व्होल्ट, लालमध्ये पाच. हिरवी काळीला जोडली की सुरू. खलास!" डबा उघडायचा मात्र नाही. "आत सैतान आहे. प्लग काढला तरी तो लगेच मरत नाही."

खालच्या गॅरेजांतून गाड्यांचे सुटे भाग आणून तो या डब्यांवर चालवायचा. घरात मोटारीचा टेप, मोटारीचा पंखा, बेलच्या जागी हॉर्न. "यांच्या घराला आता फक्त चाकं लावा," माझी बायको म्हणायची. प्रत्येक डब्यावर टेललाइटचा एक बल्ब कायम पेटलेला. थोडं ओझं नसलं तर डबा रुसतो म्हणे.

त्याची बायको मार्था वसईहून कॅसेटमध्ये बोलून पाठवायची. जेवताना तो ती लावायचा आणि मधेमधे उत्तरं द्यायचा. "अगं, ऐकतोय, पुढं बोल!" भिंतीपलीकडे आम्हांला वाटायचं, फॅमिली आली. ती खरोखरच यायची होती, डिसेंबरात, महिनाभर. तो पंखासुद्धा तिच्यासाठीच बसवला होता.

आमच्या गणपतीची आरास दरवर्षी त्याच्याकडे. त्या वर्षी त्याने गाडीची काच धुणारी छोटी मोटर लावून कारंजं केलं. "वहिनी, बाप्पाला शॉक बसणार नाही, गॅरंटी!" म्हणाला आणि बर्फ आणायला खाली गेला.

"अहो, पाणी मूर्तीवर उडतंय!" बायको ओरडली. "शाडूची आहे, विरघळेल!"

डब्यामागे एक लाल बटण होतं. एका बाजूला २३०, दुसऱ्या बाजूला ११५. मी पडलो हिशेबाचा माणूस. ११५ म्हणजे निम्मं. कारंजंही निम्मं उडेल. नखाने बटण सरकवलं.

धडाड्! अंधार, धूर, जळका वास. ते बटण भिंतीतली वीज किती व्होल्टची ते ठरवायला असतं, कारंज्याचा जोर कमी करायला नव्हे, हे मला नंतर कळलं. नेमके मॅनेजरसाहेब दर्शनाला आलेले.

"किसने लगाया ये?"

"बस्त्यावने, सर," मी म्हणालो. "भंगार का माल है."

बर्फाची पिशवी घेऊन बस्त्याव आला. टॉर्चच्या उजेडात त्याने बटण पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. अंगठ्याने ते गुपचूप २३० वर सरकवलं.

"सॉरी सर. पुराना माल था."

आठवड्याच्या आत साहेबांच्या हुकमाने त्याचे सगळे डबे कचऱ्यात गेले आणि तो दूर वाळवंटाकडच्या इब्रीच्या शाखेत. तिथे चौघांत एक खोली. मार्था आलीच नाही. निघताना मी त्याची बॅग गाडीपर्यंत नेली. "भाऊ, इब्रीत खजूर मस्त मिळतो," तो म्हणाला, जसं काही मलाच धीर द्यायचा होता.

पुढच्या गणपतीआधी कंपनीच्या व्हॅनने इब्रीहून एक खोकं आलं. आत नवा डबा, कमी जोराचा पंप आणि लाल बटण २३० वर गोंदाने पक्कं चिकटवलेलं. बायकोला वाटलं, ते कारखान्यातूनच तसं येतं.

मी ऑफिसातून इब्रीला फोन लावला.

"बस्त्याव, त्या दिवशी..."

"मूर्तीवर उडत नाही ना आता?"

"नाही."

"मग झालं! वहिनींना सांगा, पाणी रोज बदला."

"अरे, ऐक ना..." तेवढ्यात साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. "इब्रीची बिलं विचारतोय, सर," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

त्याच वर्षी बस्त्याव कायमचा वसईला गेला आणि पुढे तिथेच वारला. मला एवढंच म्हणायचं होतं: बटण मी फिरवलं होतं, बस्त्याव. तुला माहीत होतं, तरीही ते मी तोंडाने म्हणायला हवं होतं. माफ कर.