मिथेनचा तिळगूळ

हरिदास सरांचं एक ठाम मत होतं: रसायनशास्त्र अवघड नसतं, शिकवणारे अवघड असतात. देवळीच्या ज्युनिअर कॉलेजात ते दोन वर्षांपासून हंगामी होते, आणि आज नागपूरहून शिक्षण खात्याचे साहेब त्यांचा पाठ बघायला येणार होते. पाठ आवडला तर नोकरी कायम, नाहीतर परत अल्लीपूरला वडिलांच्या वावरात. "आज पोरायच्या हातात रेणूच देतो," असं त्यांनी सकाळी चहा घेताघेता जाहीर केलं.

रेणू मातीचे होते, आणि उन्हात वाळवताना तडकून त्यांचा भुगा झाला होता. इकडे त्यांची बायको नलू चुलीपाशी संक्रांतीचे लाडू वळत बसली होती. काळ्या तिळाचे मोठे, पांढऱ्या तिळाचे लहान. सरांना परातीत कार्बन आणि हायड्रोजनच दिसू लागले.

"अवो, त्यात काड्या काऊन खुपसून राह्यले?"

"गरम हाये तवरच खुपसा लागते. थंडा झाला का बंध तुटत नाई."

"कायचा बंध?"

"मिथेनचा."

"आपल्या घरी कोणी मिथेन येत नाई," नलू म्हणाली आणि तिने परात लांब सरकवली.

तरी सरांनी पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काड्यांवर तीन मिथेन उभे केलेच. मधे काळा लाडू, चार दिशांना चार पांढरे. बाकांच्या तीन रांगा, रांगेला एकेक. कॉलेजात तबक ऑफिसातल्या टेबलावर ठेवून ते वर्गातला फळा पुसायला गेले. हे कशासाठी आहे, एवढं शिपाई नत्थूला सांगायचं मात्र राहून गेलं.

साहेब आले. पुंडलिकराव त्यांचं नाव, मिशा भरघोस. संक्रांतीच्या दिवसांत आलेल्या माणसाला तिळगूळ न देता नुसतं बसवून ठेवावं, हे नत्थूच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. त्याने तबक पुढे केलं.

"या काड्या कशाला?"

"हाताले चिकट लागू नये म्हणून असन, साहेब. आमचे सर लय डोकेबाज हायेत."

साहेबांनी एका मिथेनमधला एक पांढरा लाडू काडीसकट उपटून खाल्ला. चांगला लागला म्हणून शेजारच्यातले दोन. तेवढ्यात घंटा झाली, म्हणून बाकीचे वाचले.

तबक वर्गात आलं आणि सरांनी लाडू मोजले. एक मिथेन धड, एक तीन हातांचा, एक दोन हातांचा. शेवटच्या बाकावर साहेब मिशीतले तीळ पुसत होते. आता माघार घ्यायची सोय नव्हती. सरांनी धड असलेला उचलला.

"हा मिथेन." त्यांनी पुढचा उचलला, क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "आता समजा, मधला काळा लाडू नायट्रोजन आहे. हायड्रोजन तीन. हा झाला अमोनिया. आणि इथे मधे ऑक्सिजन, हायड्रोजन दोन. हे आपलं पाणी."

पुढच्या बाकावरची कांता उभी राहिली. "सर, पाण्याचे दोन हात समोरासमोर काऊन नाई? बाकी जागा तर रिकामीच हाये."

"रिकामी नाही. तिथे इलेक्ट्रॉनच्या दोन जोड्या आहेत. त्यांचा कोणाशी बंध नाही, म्हणून त्या जास्तच ऐसपैस बसतात आणि बाकीच्यांना रेटतात."

"पन दिसत तर नाई."

"दिसत नाहीत, पण जागा त्यांनीच खाल्लेली असते," सर म्हणाले, आणि नको त्या वेळी त्यांची नजर साहेबांच्या मिशीवर गेली. अख्खा वर्ग मागे वळला. कोणीतरी फिसकन हसलं. सरांना अल्लीपूरची बैलजोडी स्वच्छ दिसायला लागली.

साहेब उठून पुढे आले. "मी मराठीचा माणूस. उभ्या जन्मात रसायन कळलं नाही," ते म्हणाले. "आज पाण्याचा आकार कळला. तुम्ही कायम झालात असं समजा."

सरांना गहिवरून आलं. त्यांनी साहेबांना वाकून नमस्कारच केला. तोवर साहेब कांताचं पुस्तक चाळत होते. एका चित्रावर त्यांनी बोट ठेवलं.

"पुढच्या संक्रांतीलाही मीच येणार आहे. तेव्हा हे बेंझिन शिकवा. सहा काळे, सहा पांढरे. चांगले बारा होतात."