राव सार उभे राहतात तेव्हा

वेबसाइट थांबली की राव सार उभे राहतात. अगदी हात मागे बांधून, खुर्ची टेबलाखाली सारून, पडद्याकडे बघत. वेबसाइट परत चालू झाली की खुर्ची ओढून बसतात. मी नोकरीला लागलो त्या दिवशी हे सहा वेळा झालं. मला वाटलं, पाठीचं दुखणं असेल. विचारलं तर म्हणाले, "थांबलेल्यापुढें बसणें बरें नव्हे."

मी सांगलीचा. तमिळनाडूत कुंभकोणममधल्या एका छोट्या कंपनीत वेबसाइटी बनवतो. इथे मराठी बोलायला कोण मिळणार, असं घरच्यांना वाटत होतं. मिळाले ते राव सार. 'सर'चं इकडे 'सार' होतं. त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर खाली आले आणि मराठी भाषा तेव्हा जशी होती तशी घेऊन बसले. त्यांनी कॉफी मागवली तरी कुणी बखर वाचतंय असं वाटतं. माझं मराठी ऐकून ते पहिल्या दिवशी म्हणाले, "सांगलीकर, तूं भाषा फार घाईनें बोलतास. कोणी पाठीस लागलें आहे की काय?"

टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन ते आमच्याकडे आले. काम लोड टेस्टिंगचं. म्हणजे दुकान उघडण्याआधी खोटी गिऱ्हाइकं सोडून बघायचं, गर्दीत वेबसाइट टिकते का कोलमडते. जगात सगळीकडे या खोट्या गिऱ्हाइकांना नंबर देतात. राव सार नावं देतात. दोनशे गिऱ्हाइकांची दोनशे नावं त्यांच्या वहीत, आणि प्रत्येकीसमोर स्वभाव. 'मीनाक्षी, घाईची, २.' 'राजम, नुसती बघून जाणारी, ३.' शेवटचा आकडा म्हणजे ती एका वस्तूसमोर किती सेकंद थांबते. तोच आकडा ते टेस्टमध्ये भरतात. मी म्हटलं, "सार, यंत्राला स्वभाव काय कळणार?" ते म्हणाले, "यंत्रास न कळो. मज कळतें."

तर जवळच्याच दारासुरमच्या एका विणकराची रेशमी साड्यांची वेबसाइट आम्ही करत होतो. दिवाळीआधी उघडायची होती. सगळं तयार झालं आणि टेस्टमध्ये वेबसाइट मधेच थांबायला लागली. पडत नव्हती, चूक दाखवत नव्हती. दोनशे बायका भरभर साड्या बघतायत, आणि एकदम सगळ्या जागच्या जागी गप्प. थोड्या वेळाने परत सुरू. राव सार उठत होते, बसत होते.

नऊ दिवस आम्ही कारण शोधलं. सर्व्हर बदलून बघितला. इंटरनेटची वायर बदलली. राव सार डोळे मिटून संगणकाला कान लावायचे आणि म्हणायचे, "उगेंच कोण्ही थांबत नाहीं." हे वाक्य ते दिवसातून दहादा म्हणतात. बसस्टँडवर बस थांबली तरी म्हणतात. नवव्या दिवशी मला ते ऐकवेना.

मालकांनाही ऐकवेना. त्यांनी बुधवारी दोघांना बोलावून तमिळमध्ये अगदी गोड आवाजात सांगितलं, की शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर टेस्टिंगचं काम चेन्नईच्या माणसांकडे जाईल, आणि राव सारनी आता घरी आराम करावा. राव सार "सरि", म्हणजे बरं, म्हणून बाहेर आले. तिरुविडैमरुदूरला त्यांचं घर आहे. बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलं नाहीत. "घरीं आराम," ते जिन्यात म्हणाले, "घरीं आराम करण्यास कोणी तरी काम सांगणारें लागतें."

गुरुवारी ते जेवायला गेल्यावर मी त्यांची वही घेऊन बसलो. प्रत्येक थांबा मोजला. बरोबर चाळीस सेकंद, एकही कमी नाही. मग वहीत चाळीस शोधले. दोन, तीन, पाच, फार तर सहा. दोनशे नावांत चाळीस एकीच्याच पुढे होते. 'कावेरी. स्वभाव लिहिणें कठीण. ४०.'

राव सार आले. मी नावावर बोट ठेवलं. "ही कोण?"

त्यांनी वहीवरच्या पेनाचं टोपण लावलं. "घरची."

"सार, हिच्यामुळे थांबतंय. तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशीं संशय आला."

"मग नऊ दिवस आपण वायरी का बदलतोय?"

"सांगितलें असतें तर तूं तिला काढून टाकला असतास."

खोटं कशाला बोलू, टाकलंच असतं. एका बटणाचं काम होतं. बोट बटणापर्यंत गेलंही होतं. पण मग डोक्यात आलं, एक बाई साडी बघत थांबली तर बाकीच्या एकशेनव्याण्णव का थांबाव्यात?

त्याचं उत्तर माझ्याच प्रोग्रॅममध्ये होतं. विणकराने पहिल्या भेटीत आम्हाला बजावलं होतं, की आमच्याकडे प्रत्येक साडी एकच असते, आणि एका बाईच्या मांडीवर साडी असताना ती दुसरीला दाखवत नाहीत. मी मान डोलावली आणि तसं लिहिलं. फक्त कुलूप साडीला लावायचं ते अख्ख्या कपाटाला लावलं; एकीने एक साडी उघडली की बाकीच्यांना सगळ्याच साड्या बंद. बाकीच्या दोन-तीन सेकंदांत उठत होत्या म्हणून कळलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि खऱ्या बायका दिवाळीची साडी दोन सेकंदांत घेत नाहीत, एवढं तरी मला लग्न झालेल्या माणसाला कळायला हवं होतं. कावेरीबाईंनी बसकण मारली नसती तर दिवाळीच्या खरेदीत आमची चांगलीच शोभा झाली असती. मालकांना मी हे सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. त्यांनी वही चाळून बघितली. मग राव सारसाठी कॉफी मागवली. माझ्यासाठी नाही.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. राव सार मागे उभे. "तिला काढलास?"

"नाही. बाकीच्यांना मोकळं केलं."

टेस्ट सुरू केली. मीनाक्षी आली, गेली. राजम नुसती बघून गेली. मग कावेरी एका साडीवर थांबली आणि बाकीच्या तिच्या बाजूने भरभर पुढे जात राहिल्या. राव सार उभेच.

"सार, आता काही थांबलेलं नाही. बसा."

"सवय," ते म्हणाले. "दारासुरमच्या दुकानांत ती साड्या पाहावयास बसे. मी दारांत उभा. छत्री घेऊन. आटप, बस जाते, आटप, बस जाते. दर वेळीं हेंच. सांगलीकर, दारासुरमची बस एक गेली की दुसरी येते. एकदां तरी आंत जाऊन तिच्यापाशीं बसावयाचें होतें."

मी माझी खुर्ची पडद्यासमोर सरकवून दिली. ते बसले. पडद्यावर कावेरीच्या नावापुढचे सेकंद वाढत होते. चाळीस झाले, ती उठली, आणि त्यांनी वही उघडून चाळीसवर रेघ मारली.

"येथें," त्यांनी विचारलं, "ती उठेपर्यंत, असें लिहितां येतें काय?"

प्रोग्रॅममध्ये तसं लिहिता येत नाही. आकडा द्यावाच लागतो. मी म्हणालो, "येतं."