एकतीस मिलिमीटरचा केस

केस एकतीस मिलिमीटर लांबीचा होता. काळा, किंचित कुरळा, नवऱ्याच्या शर्टाच्या कॉलरखाली आडवा चिकटलेला. तिने तो चिमट्याने उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला आणि पट्टी लावून पुन्हा मोजला. एकतीसच. तिचे स्वतःचे केस कमरेपर्यंत होते. नवऱ्याच्या डोक्यावर गळण्यासारखे फारसे काही उरलेच नव्हते.

ती कापड गिरणीच्या प्रयोगशाळेत धागे तपासायची. अठरा वर्षे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावल्यावर एका नमुन्यावरून भांडण उकरून काढणे तिच्या स्वभावात राहिले नव्हते. पुढच्या शुक्रवारी तांबूस रंगवलेला केस मिळाला, मंगळवारी पांढरा. थोड्याच दिवसांत पाच पाकिटे झाली, प्रत्येकावर तारीख. वार दोनच, मंगळवार आणि शुक्रवार. त्या दिवशी नवरा विमा कंपनीच्या ऑफिसातून उशिरा यायचा आणि "ऑडिट चाललंय" म्हणायचा.

शिवाय मिठाचे होतेच. जेवताना तो तिच्याकडे बघून तोंड उघडे, थांबे, आणि मीठ मागे. जेवणात मीठ तर नेमके असे. एकदा तो तिच्या डोक्याकडे टक लावून म्हणाला, "तुझे केस डावीकडे जरा जास्त लांब आहेत." याच माणसाला घराच्या भिंतींचा बदललेला रंग तीन महिन्यांनी दिसला होता.

प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने पाचही केस भिंगाखाली घातले.

"पाच वेगवेगळ्या बायका गं," ती म्हणाली. "एक तर सत्तरीची असेल. तुझ्या नवऱ्याला एवढं जमायचं नाही. बँकेत जायचं तरी सकाळपासून तयारी करतो तो."

"टोकं बघ."

"दोन्हीकडून कापलेली. मूळ नाहीच."

"गळलेल्या केसाला मूळ असतं. म्हणजे हे गळलेले नाहीत. कोणीतरी कापून मुद्दाम कॉलरमध्ये ठेवतंय. मला कळावं म्हणून."

"पाचही जणी?"

"एकीनं बाकीच्यांचे जमवले असतील."

मैत्रिणीने तिच्याकडे जरा काळजीने पाहिले आणि शुक्रवारची रजा टाकायला मदत केली.

शुक्रवारी तो साडेपाचला ऑफिसातून बाहेर पडला. चालण्यात एवढी घाई तिने लग्नानंतर पाहिली नव्हती. दोन गल्ल्या ओलांडून तो चपलांच्या दुकानाशेजारचा जिना चढला. ती खाली दहा मिनिटे थांबली. तेवढ्यात तीन बायका वर गेल्या, अगदी उजळ माथ्याने. काय व्हायचे ते होऊ दे म्हणून तीही चढली.

दार उघडणाऱ्या बाईंनी काळा एप्रन घातला होता. "सहाच्या तुम्हीच का?"

आत शिरायला यापेक्षा सोपी वाट नव्हती. "हो," ती म्हणाली.

पुढच्या मिनिटाला ती खुर्चीत आडवी होती, मान बेसिनच्या खाचेत, डोळ्यांवर टॉवेल. "पैसे घेत नाही आपण, क्लासचे विद्यार्थी हात बसवतात. सांभाळून घ्या," असे म्हणून बाई गेल्या. कोमट पाणी आले. मग बोटे आली, नेटकी आणि सावकाश. बोटे मागे सरकत टाळूपाशी पोचली आणि थबकली. तिच्या डोक्यावर दोन भोवरे होते, एकमेकांना खेटून. पाणी नुसतेच वाहत राहिले.

कोणीतरी घसा खाकरला. तो घसा ती सोळा वर्षे ऐकत होती.

"किती कापायचे?" नवऱ्याने अगदी बारीक आवाजात विचारले.

"खांद्यापर्यंत. हात थांबवू नकोस, बाई बघतील. किती दिवस चाललंय हे?"

"आठ महिने."

"पाच बायकांचे केस मिळालेत मला."

"पाचच? चाळीसेक डोकी केली असतील मी."

त्याने तिला आरशासमोर बसवले, केस विंचरले आणि डावीकडून कात्री चालवायला सुरुवात केली. कात्री सरळ चालली होती.

"तुझ्या पर्समध्ये ती पाकिटं बघितली मी," तो म्हणाला. "तारखा घातलेली. मला वाटलं, वकिलाकडे चाललीस."

"म्हणून बोलला नाहीस?"

"त्याच्या आधीपासून बोलत नव्हतो. रोज ठरवायचो, आज जेवताना सांगू."

एप्रनवाल्या बाई फिरत फिरत मागे येऊन उभ्या राहिल्या. "याच्या हाती डोकं दिलंत, नशीबवान आहात," त्या तिला म्हणाल्या. "माझ्या पार्लरमध्ये एक तारखेपासून जागा आहे. तीनदा विचारलं. घरी विचारून सांगतो म्हणतो. घरी कोण एवढं बसलंय देव जाणे."

आरशात दोघांची नजर एक झाली. डावीकडचे केस खांद्यावर आले होते, उजवीकडचे अजून कमरेवर लोंबत होते. अशा अवस्थेत रागाने उठून जाणे शक्य नव्हते, आणि नवल म्हणजे तिला जायचेही नव्हते. तिने डावी बाजू नीट पाहिली. कड एका रेषेत होती. पट्टी लावली तरी चूक सापडली नसती.

नवऱ्याने तोंड उघडले आणि तो थांबला.

"मीठ हवंय?" तिने विचारले.

"नको," तो म्हणाला. "सोमवारी राजीनामा देतोय मी."