कपाट पुढे नेण्याबाबत

मनुष्य हा मुळात चालणारा प्राणी आहे. बसणारा मनुष्य ही नंतरची सुधारणा, आणि बसल्या जागी पुढे जाणारा मनुष्य ही त्या सुधारणेची परिसीमा. ती पाहायची असेल तर आमच्या कार्यालयात यावं (वेळ दहा ते साडेपाच, मधली सुट्टी आणि तिच्या अलीकडची-पलीकडची सुट्टी वगळून).

पूर्वी आमची भाषा फारच मागासलेली होती. कुणी काम घेऊन आला की आम्ही सरळ 'होणार नाही' म्हणायचो. तो दोन शिव्या हासडायचा, निघून जायचा आणि दुसरीकडून काम करून घ्यायचा. मग मुख्य कार्यालयाने एक प्रशिक्षक धाडले. गृहस्थ एका जागी उभे म्हणून राहीनात. त्यांनी सांगितलं की प्रगत जगातला इंग्रजी बोलणारा माणूस कधी थांबत नाही. सकाळी उठला की तो 'मूव्हिंग फॉरवर्ड' असतो. नको असलेला विषय तो वरच्यांकडे 'टेक अप' करतो. ज्याला फोन करायचा नाही त्याला 'रीच आउट' करतो, उत्तर द्यायचं नसेल तर 'गेट बॅक' करतो, आणि विषय मिटूच नये असं वाटलं तर 'सर्कल बॅक' करतो. म्हणजे फिरून पुन्हा तिथेच. हे आम्ही आधीही करत होतो हो, पण त्याला इंग्रजी नाव नसल्याने उगाच शरमिंदे व्हायचो.

आम्ही हे सगळं अंगी बाणवलं. आगेकूच समिती नेमली, मी तिचा सदस्य झालो. पुढच्या तिमाहीत कार्यालयाची आगेकूच तिपटीने वाढली. (कामं होती तेवढीच पडून राहिली, पण ती आकडेवारी दुसऱ्या विभागाकडे असते.)

अशा सुखात आमच्या हिशेब विभागातल्या ताई परत आल्या. स्कूटरवरून पडून त्यांच्या मणक्याला मार बसला होता, आणि आता त्या चाकाच्या खुर्चीत होत्या. आम्ही फुलं दिली, टाळ्या वाजवल्या. हिशेबाला ताई पूर्वीइतक्याच पक्क्या होत्या. अडचण एकच, आणि तीही हिशेबाची नव्हे. बायकांच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली हरवलेली आहे, त्यामुळे आत काहीतरी महत्त्वाचं असणार याबद्दल आमच्यात दुमत नाही. चालता माणूस त्याच्या बाजूने अंग चोरून जातो. खुर्चीला अंग चोरता येत नाही.

म्हणून ताईंनी पाणी पिणं सोडलं. घरून निघताना घोटभर, मग संध्याकाळी घरी पोचल्यावर. त्यांच्या या संयमाचं समितीच्या बैठकीत तोंडभरून कौतुक झालं. डॉक्टर मात्र अडाणी निघाले. त्यांनी स्वच्छ सांगितलं, की असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील. एक तर पाणी प्या, नाहीतर नोकरी सोडा. घरी दीर तेच तुणतुणं वाजवत होते, "वहिनी, आता कशाला ही दगदग?" ताईंना नोकरी सोडायची नव्हती. "एकदा घरी बसले ना, तर मी बसलेच," असं त्या आमच्यातल्या एकीला म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

मग त्या साहेबांकडे गेल्या.

"साहेब, तेवढं कपाट सरकवा की. हातभर जागा झाली तरी माझी खुर्ची जाते."

"ताई, हे मी टॉप लेव्हलला टेक अप करतो."

"अहो, वर कशाला नेताय? बाजूला घ्या फक्त."

साहेब समजुतीने हसले. मोठ्या माणसाला असं हसावंच लागतं. विषय समितीकडे आला आणि आम्ही तो अक्षरशः धावता ठेवला. पहिल्या बैठकीत कपाट 'पुढे नेण्याचं' ठरलं. दुसरीत ते 'पुश थ्रू' केलं. तिसरीत देखभाल विभागाला 'रीच आउट' केलं, आणि त्यांनी, धन्य ते लोक, आम्हालाच 'गेट बॅक' केलं. पावसाळा सरून थंडी पडेपर्यंत त्या कपाटाने फायलींतून जेवढा प्रवास केला तेवढा माझ्या सासऱ्यांनी निवृत्तीनंतर केला नाही. दर बैठकीनंतर ताई दाराशी येऊन विचारायच्या, "सरकलं का हो?" आणि आम्ही एका सुरात सांगायचो, "जोरात चालू आहे."

एका दुपारी डॉक्टरांच्या धाकाने ताई बाटलीभर पाणी प्यायल्या. व्हायचं तेच झालं. त्या खुर्ची घेऊन बोळात गेल्या आणि दोन्ही हातांनी कपाट ढकलू लागल्या. कपाट जागचं हललं नाही; खुर्चीला चाकं, त्यामुळे ताईच मागे गेल्या. पुन्हा पुढे आल्या, पुन्हा ढकललं, पुन्हा मागे. ही धडपड पाहायला आख्खं कार्यालय गोळा झालं. समितीतल्या एकाने 'पुढाकार' असा शेरा लिहूनही घेतला.

"अहो, बघताय काय? खुर्ची तरी धरा!" ताई ओरडल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

साहेबांनी छातीवर हात ठेवला. "ताई, आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत."

"पाठीशी आहात ना? मग धरा की मेल्यांनो!"

हा शब्द कार्यालयीन नसल्याने नोंदवून घेतला नाही.

शेवटी त्यांनी यजमानांना फोन लावला. त्यांचं कोपऱ्यावर शिवणकामाचं दुकान आहे. ते गळ्यातला टेप न काढता धावत आले, कपाटाला खांदा लावला, एक शिवी दिली आणि कपाट कर्रकन बाजूला झालं. ताई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्या रडत होत्या की हसत होत्या, हे मला सांगता येणार नाही. दोघं लगेच घरी गेली.

इथे कार्यालयापुढे गंभीर पेच उभा राहिला. ज्या कपाटाचा विषय रीतसर पुढे चालला होता ते एका बाहेरच्या इसमाने विनापरवाना हलवलं होतं. उद्या कुणी विचारलं, तर आम्ही नेमकं काय पुढे नेत होतो म्हणून सांगायचं? साहेबांनी कपाटाकडे नुसती मान हलवली. आम्ही सात जण उठलो, बाह्या सरसावल्या आणि कपाट उचलून जमिनीवर उमटलेल्या त्याच्या जुन्या चौकटीत नेऊन ठेवलं. एकाच्याही तोंडून इंग्रजी शब्द निघाला नाही. बैठक नाही, ठराव नाही. चहा गार व्हायच्या आत सगळे जागेवर परत.

दुसऱ्या दिवशी ताई बोळाच्या तोंडाशी आल्या, कपाटाकडे पाहिलं आणि राजीनामा लिहून दिला.

निरोपसमारंभ झकास झाला. 'ताई आज मूव्ह ऑन करताहेत,' असं साहेब बोलले आणि आम्हाला गहिवरून आलं. ताईंना चार शब्द बोलायला सांगितलं, तर त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळ्यांसमोर एका दमात रिकामा केला. मग आणखी एक मागितला. तोही प्यायल्या. यजमान खाली रिक्षा घेऊन थांबले होते.

त्यांची जागा रिकामी आहे, आणि ती भरण्याची जबाबदारी समितीने माझ्यावर सोपवली आहे. वाचकहो, हे वाचताना तुमचा जीव तीळतीळ तुटला असेल. 'अरे, कुणीतरी उठून कपाट सरकवायचं ना!' असं तुम्ही दोनदा तरी म्हणाला असाल, बसल्या जागेवरून. तुमच्याही जिन्यात, दाराशी, बोळात असं काहीतरी उभं आहे. त्याच्या बाजूने तुम्ही रोज जाता आणि ज्याला जाता येत नाही त्याच्यासाठी मनापासून हळहळता. अशा माणसाची आम्ही परीक्षा घेत नाही. तुमची निवड झालेली आहे. सोमवारी रुजू व्हा, आणि बोळातून येताना जरा अंग चोरून या. तुम्हाला सवय आहेच.