चार भिंती, एक बाई

शाळेला खोली एक, बाई एक आणि वर्ग चार. त्यावर बाईंनी तोड काढली होती. प्रत्येक वर्गाने आपापल्या भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि बाईंनी मधोमध उभं राहून भोवऱ्यासारखं फिरत राहायचं. पहिलीला दाराची भिंत, दुसरीला खिडकीची, तिसरीला कपाटाची. पोपडे आलेली उरली, ती चौथीच्या गळ्यात पडली. दुसरी शिक्षिका द्या म्हणून बाई वरच्या ऑफिसात इतक्यांदा घसा कोरडा करून आल्या, की शेवटी एक साहेब स्वतःच बघायला निघाले.

आदल्या दिवशी बाईंनी मुलांना सांगितलं, "उद्या रोजच्यासारखंच वागायचं. गोंधळ झाला तरी मी रागावणार नाही."

असलं काही मुलांनी जन्मात ऐकलं नव्हतं. ते घरोघरी पोचेपर्यंत त्याचा अर्थही पक्का झाला: बाईंची नोकरी जाणार! आयांनी पोरांना सज्जड दम भरला. दुसऱ्या दिवशी पोरं अशी घासूनपुसून, हाताची घडी घालून बसली, की बाईंचा बेतच फसला.

"अरे, कुणीतरी भांडा रे!" बाई कळवळून म्हणाल्या. एकानेही मान वळवली नाही.

साहेब आले. माणूस भारी चौकस. आल्या आल्या त्यांनी चौथीला विचारलं, "बारा साते?"

"चौऱ्याऐंशी," उत्तर पाठीमागून आलं, पहिलीतून. ज्या पोरीने दिलं तिला सगळे चिमणी म्हणत. तिने भिंतीकडचं तोंडसुद्धा वळवलं नव्हतं.

साहेब गर्रकन फिरले. "दुसरी, सांगा बरं, रात्र का होते?"

"पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून," कपाटाच्या भिंतीकडून तिसरी ओरडली.

आता साहेबांना राहवेना. ते खोलीच्या मधोमध गेले आणि बाईंसारखेच फिरून फिरून पाहू लागले. "बाई, ही काय भानगड आहे?"

"भानगड कसली, साहेब? मी एका वर्गाला शिकवते, ते चौघांच्या कानावर पडतं. ज्याचं त्याला मात्र पोचत नाही. म्हणून तर दुसरी शिक्षिका..."

"थांबा, थांबा. म्हणजे पहिलीतली मुलं चौथीचं शिकतात?"

"ऐकतात हो. शिकतात कुठे?" बाईंनी चौथीतल्या दांडगोबाला उभं केलं आणि त्याच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं. "वाच रे."

दांडगोबाने खणखणीत आवाजात सुरुवात केली. बाईंनी मध्येच पान उलटलं. तो त्याच धड्यात पुढे निघाला. मग बाईंनी पुस्तकच उलटं करून हातात दिलं. त्याने न अडखळता धडा संपवला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

"चार वर्षं हा धडा पाठीमागून ऐकतोय तो," बाई म्हणाल्या. "अक्षर एक ओळखत नाही. पोरगं हुशार आहे, साहेब. पण त्याच्याजवळ बसून बोट धरून वाचायला शिकवायला मला फुरसत कुठे आहे?"

साहेबांनी ते पुस्तक हातात घेतलं, सुलटं केलं, परत उलटं केलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"म्हणजे," ते म्हणाले, "पुस्तकंही लागत नाहीत?"

जाता जाता त्यांनी दुसरी शिक्षिका कबूल केली. बाईंचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. पुढच्या आठवड्यात ती आलीसुद्धा. नुकतीच नोकरीला लागलेली, उत्साही मुलगी होती. येताना तिने बाईंसाठी साहेबांचा हुकूमही आणला होता: बाईंनी ताबडतोब निघावं आणि देशभरातल्या शाळांना ही चार भिंतींची पद्धत शिकवत फिरावं.

बाईंनी हुकूम घडी करून ठेवला. मग त्यांनी दांडगोबाला पुढे ओढून नव्या शिक्षिकेसमोर उभं केलं. "आधी याच्याकडे बघा," त्या म्हणाल्या.

नवी शिक्षिका मधोमध उभी राहून चारी भिंतींकडे पाहत होती.

"पण बाई, मला तर दुसरी शिक्षिका म्हणून पाठवलंय," ती गोंधळून म्हणाली. "मग पहिली कोण?"

उत्तर दाराच्या भिंतीकडून आलं.

"ती पण तुम्हीच," चिमणी म्हणाली.